खाच बसली, जोडी चुकली

आत्याने छत्तीस वर्षं जमिनीखाली काढली. टेलिफोनच्या खात्यात केबल जोडायची नोकरी होती तिची. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, शिडी टाकून खाली उतरायचं आणि मनगटाएवढ्या जाड केबलच्या पोटातून निघालेल्या शेकडो तारा एकेक करून पलीकडच्या तारांना जोडायच्या. दोन तारांची एक जोडी, आणि एका जोडीवर एका घरचा फोन. जोडी चुकली की डॉक्टरांना लावलेला फोन लाँड्रीत वाजायचा. आत्याची जोडी चुकत नसे. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखी असे रंग ती पाढ्यांसारखे म्हणायची, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी भाजी चिरतानाही मध्येच म्हणायची.

"जन्मभर जोड्या जुळवल्या मी," ती हसून सांगायची, "माझीच तेवढी राहिली. पण मी जुळवलेल्यांपैकी एकही परत भांडत आली नाही, हे किती मध्यस्थांना सांगता येईल?"

तिच्याकडे तिची भाची राहायची. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी म्हणून आली, त्याला आता आठ वर्षं झाली होती. दोघींचं छान जमायचं, म्हणजे रोज कशावरून तरी वाजायचं आणि जेवायला बसेपर्यंत मिटायचं. आत्या तिला 'चिमे' म्हणायची. चिमी एकोणतीस वर्षांची, आत्यापेक्षा वीतभर उंच. तरी चिमीच.

चिमीचं काम जुन्या फोटोंचं. फाटलेले, डाग पडलेले, वाळवीने खाल्लेले फोटो लोक आणून द्यायचे आणि ती कॉम्प्युटरवर ते पुन्हा उभे करायची. कुणाच्या आजोबांचा गेलेला कान, कुणाच्या लग्नातला पुसलेला हात. पाच महिन्यांपूर्वी गावच्या वाचनालयाने तिला मोठं काम दिलं. एका जुन्या फोटो स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह त्यांच्याकडे आल्या होत्या, सहाशे बारा. त्या स्कॅन करायच्या, साफ करायच्या आणि महिनाअखेर प्रदर्शनासाठी द्यायच्या. चिमीने पाचशे नव्वद पूर्ण केल्या होत्या. काचा वाचनालयात परत गेल्या होत्या. त्या पुन्हा मागून स्कॅन करता आल्या असत्या. पण पाच महिने एकेका चेहऱ्यावरचा एकेक ओरखडा भरत बसलेला हात काही पुन्हा मागून मिळणार नव्हता.

हे सगळं काम एकाच हार्ड डिस्कवर होतं, आणि ते चिमीलाही बोचत होतं. त्यात तिचा जुना कॉम्प्युटर कण्हायला लागला. चालता चालता बंद पडायचा, मग दहा मिनिटं रुसून बसायचा. म्हणून तिने नवा जुळवायचं ठरवलं. एकेक भाग स्वतः निवडून आणला. पेटी, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि दुसरी हार्ड डिस्क. जुनी डिस्क नव्या पेटीत बसवायची, शेजारी नवी बसवायची, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या कामाची नक्कल नवीवर काढून ठेवायची, असा बेत. म्हणजे जे काही झालं, ते काळजी घेताना झालं. ही गोष्ट पुढे दोघींनाही बराच काळ टोचली.

रविवारची सकाळ होती. चिमीने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि सामान मांडलं. आत्या समोर खुर्ची ओढून बसली.

"मी काही करू?"

"तू फक्त बघ."

"छत्तीस वर्षांत मला 'फक्त बघ' म्हणणारा साहेब टिकला नाही," आत्या म्हणाली, पण बसून बघत राहिली.

एक गोष्ट तिला पाहिल्या क्षणापासून पटली नव्हती. नव्या पॉवर सप्लायच्या सगळ्या वायरी काळ्या होत्या. एकजात काळ्या. आणि त्या त्याच्या पोटातून निघालेल्याही नव्हत्या; सुट्या होत्या. एक टोक पॉवर सप्लायच्या पाठीवर खोचायचं, दुसरं ज्याला वीज द्यायची त्याच्यात.

"हे काय सुतक आहे का?" ती म्हणाली. "रंग कुठायत? कळायचं कसं कुठली कुठे?"

"कळायची गरज नाही गं. खाच बघायची. जिथे बसते तिथे बसते, नाही तिथे जातच नाही. मुद्दाम तसंच केलेलं असतं."

"अस्सं," आत्या म्हणाली. आणि हे वाक्य तिने मनात ठेवलं.

दीड तासात सगळं बसलं. शेवटी दोन्ही डिस्का पेटीच्या तळाशी एकीखाली एक लावल्या आणि त्यांना वीज देणारी वायर चिमीने जोडली. ती पोचली, पण जेमतेम. खालच्या डिस्ककडे जाताना कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणली गेली.

"ताण पडलाय," आत्या म्हणाली.

"चालेल."

"आज चालेल. ताणलेली तार म्हणजे उद्याचा बिघाड."

तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं. वरच्या मजल्यावरची बाई आपल्या वडिलांचा फोटो घेऊन आली होती, आणि फोटोबरोबर वडिलांची कहाणी सांगायला लागली. चिमी दारातच अडकली.

आत्याने ताणलेल्या वायरीकडे पाहिलं. मग खाली ठेवलेल्या खोक्याकडे पाहिलं. त्यात जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला पॉवर सप्लाय होता, आणि त्याच्याही वायरी सुट्याच होत्या. त्यातली डिस्कची वायर तिने उचलली. चांगली हातभर लांब, वर बारीक जाळीचं वेष्टण, गुणी दिसणारी. तिचं टोक तिने नव्या वायरीच्या टोकाशेजारी धरून पाहिलं. तीच सहा भोकं. तोच आकार. तीच खाच. नवी काढली, जुनी खोचली. टक्क आवाज करून बसली. मग ती दोन्ही डिस्कांना लावून, पेटीच्या कडेने वळवून, प्लास्टिकच्या बंदाने तिने असं देखणं वळण दिलं की खात्यातल्या जुन्या साहेबांनी शाबासकी दिली असती.

चिमी परत आली तेव्हा आत्या हात पुसत होती.

"वायरी जरा नीट लावल्या मी."

"बरं झालं," चिमी म्हणाली, आणि पेटीकडे न बघताच तिचं झाकण लावलं. "दाबू?"

"दाब की."

चिमीने बटण दाबलं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली. आतून 'टप्' असा आवाज आला, आणि पंखा थांबला. पुन्हा दाबलं; पाव गिरकी, मग काहीच नाही. मग झाकणाच्या फटीतून वास आला. जळक्या लाखेसारखा, थोडासाच. पण आत्याला तो वास माहीत होता.

"पॉवर सप्लाय खराब दिला त्याने," चिमी म्हणाली. "नवाकोरा, आणि पहिल्याच दिवशी! आत्या, डिस्क... माझ्या डिस्कला काही झालं असेल तर?"

आत्याने आधी भिंतीतला प्लग काढला. तिला नक्की काही कळलं नव्हतं. खाच तर बसली होती. पण काहीतरी बोलायला हवं होतं असं वाटत राहिलं.

दुकान तीन गल्ल्या पलीकडे होतं. दोघींनी पेटी चादरीत गुंडाळून भाजीच्या चाकाच्या पिशवीत उभी केली, बाजूला नव्या पॉवर सप्लायचं खोकं खोचलं आणि निघाल्या. चिमी ओढत होती, आत्या मागून धरून चालत होती. वाटेत एकीला वाटलं आजारी माणूस घेऊन चालल्या आहेत. तिने थांबून विचारलंसुद्धा.

दुकानदार साठीकडे झुकलेला, जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. त्याला सगळे 'थांबाबघू' म्हणत, कारण गिऱ्हाईक काहीही म्हणो, तो आधी "थांबा, बघू" एवढंच म्हणायचा. त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पण मागितलेला स्क्रू तो डोळे मिटून काढून द्यायचा.

चिमीने पेटी त्याच्या टेबलावर ठेवली आणि सुटलीच. नवा माल म्हणून काहीही गळ्यात मारता, दुसऱ्याच्या पाच महिन्यांच्या मेहनतीची तुम्हाला काय किंमत, तुमच्या भरवशावर आम्ही राहायचं आणि तुम्ही असली खोकी विकायची. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती भिंतीवरचे माऊस फार लक्षपूर्वक बघायला लागली.

"थांबा, बघू," तो म्हणाला.

"काय बघू? वास येतोय त्याचा!"

"येतोय. म्हणूनच बघू."

त्याने झाकण काढलं. आत डोकावला. मग चिमटीत ती जाळीची वायर धरली.

"ताई, ही वायर कुठली?"

"कुठली म्हणजे? तुमचीच. खोक्यातली."

"आमच्या खोक्यातली चपटी असते. हिला जाळी आहे."

चिमीने वाकून पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने सोबत आणलेलं खोकं उघडलं. चपटी वायर त्यात नीट घडी घालून ठेवलेली होती. आत्यानेच ठेवली होती.

थांबाबघूने दोन्ही वायरींची टोकं शेजारी शेजारी धरली. "बघा, जुळी भावंडं. डिस्कच्या बाजूचं टोक जगात सगळीकडे सारखंच असतं. पण हे पॉवर सप्लायच्या बाजूचं, याला काही नियमच नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, कुठल्या भोकात काय द्यायचं. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा फरक. आकार तोच, खाच तीच. आत मात्र याचं त्याला आणि त्याचं याला." त्याने डिस्का सोडवून बाजूला ठेवल्या, एका तारेच्या तुकड्याने नुसता पॉवर सप्लाय चालू केला आणि व्होल्ट मोजायचा मीटर घेतला.

"द्या इकडे," आत्या म्हणाली.

सवयच ती. त्याने निमूटपणे मीटर तिच्या हातात दिला. आत्याने चष्मा वर केला आणि आधी चपट्या वायरीच्या टोकाशी सुया लावल्या. त्याने बोटाने जागा दाखवली. पाच. मग बारा. जिथल्या तिथे. मग जाळीची वायर लावली आणि त्याच पहिल्या जागी सुई ठेवली.

बारा.

जिथे पाच हवेत तिथे बारा. तिने सुई काढून पुन्हा लावली. मीटर काही बदलला नाही. फोन लाँड्रीत वाजत होता.

"ही वायर मी लावली," आत्या म्हणाली.

ती हळू बोलली नाही. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"चिमी दारात होती. पहिली ताणली जात होती म्हणून मी जुनी लावली. खाच बसली, म्हणून मीटर लावून बघितलं नाही. माल चांगला होता यांचा. चूक माझी आहे."

चिमीने तिच्याकडे पाहिलं. मग वळली आणि दुकानाबाहेर जाऊन पायरीवर बसली.

आत्याने मीटर टेबलावर ठेवला. थांबाबघूने तिच्यापुढे स्टूल सरकवलं, पण ती बसली नाही. ती बाहेर गेली आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. समोर एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"विचारायचंस ना," चिमी म्हणाली.

"हो."

"एक हाक मारायचीस. मी दारातच तर होते."

"हो."

"प्रत्येक गोष्टीत तुझा हात हवाच का गं? मी माझ्या शर्टाचं बटण लावलं तर ते तू उसवून परत लावतेस!"

"हो," आत्या म्हणाली. "लावते."

चिमीला रडू आलं. तिने ते बाहीने पुसलं. "आणि तू मला सांगितलंस. 'वायरी नीट लावल्या' म्हणालीस. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. खाच बसली की झालं, हे तुला शिकवलं कोणी? मीच."

"ते राहू दे. शिकवलेलं तपासायचं असतं. तपासायचे पैसे घेत होते मी छत्तीस वर्षं." आत्या आता पायरीवर बसली. गुडघ्यातून कट् आवाज आला. "चिमे, मी चुकले. तुझी मेहनत गेली असेल तर ती भरून द्यायला माझ्याकडे काही नाही. पण एक विचारायचंय मला त्या माणसाला. येतेस का आत?"

"काय विचारायचंय?"

"आमच्याकडे खांबावर वीज पडायची. तारेतून ती थेट एक्स्चेंजमध्ये शिरली तर सगळं खाक व्हावं. पण दाराशीच एक चिमुकला तुकडा बसवलेला असायचा. वीज आली की तो स्वतः मरायचा आणि तिला जमिनीत घालवायचा. आम्ही मेलेला काढायचो, नवा लावायचो, एक्स्चेंज जिवंत. आता एवढ्या महागड्या डिस्कच्या दाराशी असं कुणी बसवलं नसेल?"

थांबाबघूने हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदाच तो "थांबा, बघू" म्हणाला नाही.

"असतो," तो म्हणाला. "डायोड असतो. जास्त दाब आला की तो आडवा पडतो आणि लाइन शॉर्ट करतो. मग पॉवर सप्लाय घाबरून बंद होतो. तुमचा पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला ना? म्हणजे तसं असू शकतं. पण बाई, हे काम मी करत नाही. डिस्क मी बाहेर पाठवतो, तिथली माणसं वेगळी. तीन आठवडे, महिना. आणि आपण हात लावून बिघडवलं, तर तेही हात झटकतील. हे आधीच सांगतो."

महिनाअखेरीला बारा दिवस होते.

"हात न लावता मीटर तर लावता येईल?" आत्याने विचारलं.

"ते येईल."

जुनी डिस्क उलटी करून टेबलावर ठेवली. खालच्या हिरव्या पट्टीवर, वीज जिथून शिरते त्या दाराशी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे दोन काळे तुकडे होते. आत्याने एकाला सुया लावल्या. मीटर गप्प. दुसऱ्याला लावल्या. मीटर 'पीं' करून ओरडला. सुया उलट्या लावल्या, तरी ओरडला, म्हणजे वीज त्यातून दोन्हीकडून आरपार जात होती.

"हा मेलाय," आत्या म्हणाली. "हा काढला तर लाइन मोकळी होईल. बाकीचं वाचलं असेल तर डिस्क चालेल."

"खात्री आहे?" चिमीने विचारलं.

आत्याने तिच्याकडे पाहिलं.

"नाही. सकाळी मला खात्री होती, तेव्हाच तर वाट लागली. आता मीटर जेवढं सांगतोय तेवढंच सांगते. हा तुकडा मेलाय. पुढचं मला माहीत नाही."

चिमीने थांबाबघूकडे पाहिलं. त्याने मान हलवली. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही, नुसतं ऐकलं असं. मग ती टेबलापाशी आली आणि बाह्या वर केल्या.

"काढूया."

"काढूया नाही, तू काढायचंस," आत्या म्हणाली. तिने आपला उजवा हात पुढे धरून दाखवला. बोटं किंचित थरथरत होती. "हा आता जाड तारेचा हात राहिलाय. तू पाच महिने डोळ्याच्या पापण्या भरत होतीस. इथे तुझाच हात लागेल."

मग असं झालं की थांबाबघूने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि दिवा धरला, भिंतीवरचे माऊस बघणारी दोन गिऱ्हाइकं न सांगता जवळ येऊन उभी राहिली, चिमीने एका हातात चिमटा आणि दुसऱ्यात सोल्डरिंगची तापलेली सळई घेतली, आणि आत्या तिच्या खांद्यामागून बोलायला लागली.

"सळई दाबू नकोस. नुसती टेकव. धातू आपण होऊन वितळतो, त्याला वेळ दे. हं. आता दुसऱ्या टोकाला. परत पहिल्या. ओढू नकोस, चिमे, ओढलंस तर खालची पट्टी सोलून निघेल. तो सुटला की तुला कळेल."

"कसं कळेल?"

"दुधाचा दात कसा कळायचा?"

चिमी हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. टोकाटोकाला सळई टेकवत राहिली. अर्धं मिनिट गेलं असेल. मग तो काळा दाणा हलला, तरंगला आणि चिमट्याबरोबर अलगद वर आला. गिऱ्हाइकांपैकी एकाने इतका वेळ धरलेला श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

आत्याने पुन्हा मीटर लावला. गप्प.

आता थांबाबघूने चपटी वायर घेतली, नव्या पॉवर सप्लायला लावली, तिच्या टोकाशी मीटर धरून स्वतः तपासली, मग आत्याकडे दिली. आत्याने तपासली, मग चिमीकडे दिली. चिमीनेही तपासली. एक वायर तिघांनी तीनदा. मग ती डिस्कला जोडली आणि थांबाबघूने वीज सुरू केली.

आत्याने डिस्कवर तळहात ठेवला. क्षणभर काही नाही. मग तिच्या हाताला ते कळलं, आधी थरथर, मग अगदी बारीक, चढत जाणारी घूं.

"फिरतेय," ती म्हणाली. "चिमे, फिरतेय गं!"

दुकानातल्या पडद्यावर फोल्डर उघडला. पाचशे नव्वद. चिमीने मधलाच एक फोटो उघडला. स्टुडिओतल्या खुर्चीवर एक पोरगी, दात पडलेलं तोंड उघडं टाकून हसणारी. तिच्या गालावरून गेलेला आख्खा तडा चिमीने तीन दिवस बसून बुजवला होता. ती पोरगी तशीच हसत होती. चिमीने आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यासाठी तिला बरंच वाकावं लागलं.

"आता आधी नक्कल," थांबाबघू म्हणाला. "ही आता रखवालदाराशिवाय आहे. परत काही झालं तर वाचायची नाही."

नवी डिस्क मात्र वाचली नाही. तिचाही दाणा मेला होता, तोही चिमीने काढला, पण ती फिरलीच नाही. आतलं काहीतरी कायमचं गेलं होतं. थांबाबघूने तिसरी डिस्क काढून दिली आणि नक्कल सुरू झाली. साडेतीन तास लागणार होते. त्याने चहा मागवला. चिमी कप हातात धरून त्याच्यापुढे उभी राहिली.

"मी मघाशी फार बोलले. चारचौघांत. चूक झाली माझी."

"बोललात खऱ्या," तो म्हणाला. "पण शिव्या दिल्या नाहीत. माझ्याकडे रविवारी येणारी माणसं शिव्या आधी देतात आणि बटण दाबायचं विसरलो हे नंतर सांगतात."

मग तो जरा घुटमळला आणि आत्याकडे वळला. मागच्या खोलीत त्याच्याकडे वायरींची दोन पोती होती. वर्षानुवर्षांची. कुठली कुठल्या कंपनीची, त्यालाही आता आठवत नव्हतं. फेकवत नव्हतं, विकायला धीर होत नव्हता. "तुमच्यासारखं कुणी आठवड्यातून दोनदा येऊन बसलं, मीटर लावून, चिठ्ठ्या बांधून दिल्या..."

"माझ्यासारखं?" आत्या म्हणाली. "आज सकाळी माझ्यासारखीने काय केलं ते बघितलंत ना?"

"म्हणूनच म्हणतो. तुम्ही आता न तपासता एकही वायर सोडणार नाही."

आत्याने चहाचा घोट घेतला आणि विचार करते म्हणाली. पण चिमीला तिचा चेहरा वाचता येत होता. एवढ्या झटकन ती गेल्या सहा वर्षांत कशालाच तयार झाली नव्हती.

प्रदर्शन वेळेवर झालं. राहिलेल्या बावीस काचाही चिमीने पूर्ण केल्या, आणि त्या आठवडाभर आत्याने तिच्या टेबलाजवळून जाताना हात पाठीमागे बांधायचा नियम पाळला. आठवडाभरच.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी आत्या दुकानात असते. पहिलं पोतं संपत आलं आहे. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना रंगीत फीत आहे आणि चिठ्ठीवर तिच्या ठसठशीत अक्षरात पॉवर सप्लायचं नाव आणि मॉडेल. ज्यांचा पत्ता लागला नाही, त्यांची टोकं ती कात्रीने उडवते आणि मगच टोपलीत टाकते.

मागच्या शुक्रवारी चिमी तिला घ्यायला गेली तेव्हा एक तरुण बाई आत उभी होती. तिच्या हातात कुणाकडून तरी मागून आणलेली एक वायर होती, आणि ती म्हणत होती, "बसली तर आहे हो व्यवस्थित. मग लावायला काय हरकत?"

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मीटर बाजूला ठेवला आणि स्टूल पुढे केलं.

"बस. तुला माझी गंमत सांगते."

आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. काहीही न लपवता, वायर आपणच लावली इथून सुरुवात करून. चिमी दारातच ऐकत थांबली. आत्याच्या सांगण्यात आता 'टप्' नव्हतं, 'धडाम्' होतं. पेटीतून धूर निघून छताला लागला होता. वरच्या मजल्यावरची बाई किंचाळत खाली आली होती. आणि चिमीने तो काळा दाणा डोळे मिटून काढला होता, एका हाताने.

थांबाबघूने काउंटरवरून चिमीकडे पाहिलं. चिमीने ओठांवर बोट ठेवलं, आणि आत जाऊन खोक्यांच्या चळतीवर ऐकत बसली.